छोटी ताटली

सासरे झोपेतच गेले, तेव्हापासून तिने नवऱ्याच्या सुटलेल्या पोटाची धास्तीच घेतली होती. मोठं ताट माळ्यावर टाकलं, छोटी ताटली काढली, तेलाचा हात आखडता घेतला, भाज्या वाढवल्या. उपास नाही, कटकट नाही. हल्ली तर तो कोल्ड्रिंकऐवजी घटाघटा पाणी पीत होता. आज त्याच्या पट्ट्याला तिसरं भोक पाडताना तिला हायसं वाटत होतं. “डाएट कसलं, वहिनी?” घरी आलेला ऑफिसातला मित्र हसला. “कॅन्टीनमध्ये हा दोघांचं जेवण एकटा हाणतो.” नवरा ओशाळला. “अगं, त्या ताटलीने पोट भरत नव्हतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.” “कधीपासून?” “पहिल्या दिवसापासून.” तिला राग यायला हवा होता. पण नजर पट्ट्यावरून हलेना. इतकं खाऊन हा वाळत कसा चाललाय? रिकामा ग्लास घेऊन नवरा पुन्हा पाणी प्यायला उठला.