टालावरची पिल्लं

देवराव रिकामा पट्टा हातात धरून इतवारीच्या गल्लीतून निघाले, तेव्हा समोरच्या गणपतरावांनी दुकान उघडता उघडता विचारलंच, "देवराव, पट्टा हाये, कुत्रं कुठी हाये गा?"

"यायचं हाये. मी सवय करून राहिलो."

वरच्या खिडकीतून सून गोपिका हे ऐकत होती. तिला हसू आवरेना आणि ती झटकन खिडकीआड झाली. कारण कुत्रं येणारच नव्हतं.

देवरावांचं भांड्यांचं दुकान आता मुलगा चंद्रभान बघत होता. देवराव ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेत आणि तर्री-पोहे खात. हृदयाचा झटका येऊन गेला, तरी या कार्यक्रमात खंड पडला नाही. धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, तळलेलं बंद करा, पुढचा झटका झेपणार नाही. देवराव डॉक्टरांपुढे शहाण्यासारखी मान हलवत आणि परतताना रिक्षा आलुबोंड्याच्या गाडीपाशी थांबवत. गोपिकाचे वडील ती लहान असतानाच गेले होते. या घरात तिला दुसरे मिळाले होते आणि ते असे हातचे जाऊ द्यायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

म्हणून तिनं थाप मारली. देवरावांना जन्मभर कुत्र्याची हौस. आधी वडिलांनी पाळू दिलं नाही, मग बायकोच्या सोवळ्यानं. एका दुपारी ताकाचा पेला पुढे करत गोपिका सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, लकडगंजात नत्थूजीची लाकडाची वखार हाये नं, त्या टालावर कुत्री गाभण हाये. मी दुरून पाह्यली, पोट हे एवढं! एक पिल्लू आपल्याले देतो म्हणे. पण पिल्लू काही खेळणं नाही जी. त्याले पहाटे फिरवा लागते. माणसाले आधीपासून सवय पायजे."

देवराव पेटले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पायांत बूट. गोपिकानं मग हात धुऊनच घेतले. तळणाच्या वासानं पिल्लू खादाड होतं, म्हणून घरातली कढई माळ्यावर गेली. बिडीच्या धुरानं पिल्लाला खोकला होतो, म्हणून बिडीही गेली. देवराव सगळं मुकाट्यानं मान्य करत गेले. त्यांनी ओळखीच्या कारागिराकडून जड बुडाची पितळी वाटी ठोकून घेतली. पिल्लानं तोंड घातलं तरी ती कलंडता कामा नये.

पण त्यांनी एक भलतंच खूळ काढलं. "सवय घरातल्या सगळ्याईले पायजे, सूनबाई," ते म्हणाले.

आता गोपिकाला कुत्र्याची जबर भीती. लहानपणी एक पिंढरीला चावलं होतं, तेव्हापासून गल्लीत कुत्रं दिसलं की ती पदर सावरून पलीकडच्या बाजूला. येणारच नाही त्या कुत्र्याला काय घाबरायचं, एवढाच तिचा हिशेब होता. पण थाप निभवायची तर नाही कसं म्हणणार? सासऱ्यांनी पट्टा हातात धरायला दिला, तिनं धरला आणि साबणानं हात धुतले. त्यांनी जुन्या लुगड्याची गोधडी शिवायला सांगितली, तिनं शिवली. मग ओट्यावरून गल्लीतल्या कुत्रीला भाकरी टाकायचं काम तिच्याकडे आलं. "सरावासाठी वं," देवराव म्हणत. आधी वरच्या पायरीवरून, मग खालच्या. पुढे पुढे ती कुत्री वेळेवर येऊन बसायला लागली आणि नाही आली तर गोपिकाच गल्लीत डोकावायला लागली.

पिल्लं मात्र टालावरच राहिली. अजून व्हायची होती, मग डोळे उघडायचे होते, मग आईच्या दुधावर होती. गोपिकाच्या सबबी संपत आल्या, तसं देवरावांचं पोटही उतरलं. धंतोलीच्या डॉक्टरांनी नळी कानातून काढली आणि हसून म्हणाले, "असंच चालू ठेवा."

त्या रात्री गोपिकाला जेवण गेलं नाही. म्हाताऱ्या माणसाला आपण आशेवर झुलवलं, याची तिला लाज वाटली. सकाळी खरं सांगून टाकायचं तिनं ठरवलं.

सकाळी देवराव फिरून आले ते काखेत संत्र्याची पेटी घेऊन. पेटीत गवत होतं आणि गवतात एक तपकिरी पिल्लू कुईं कुईं करत होतं.

"मामाजी, मले माफ करा," गोपिका घाईनं म्हणाली, "नत्थूजीकडं पिल्लं..."

"नाहीत. मले माहीत हाये. टालावरचं ते कुत्रं नर हाये वं! नुसतं खाऊन खाऊन पोट सुटलं त्याचं, माह्यासारखं. हे गांधीबागेतलं हाये, माळ्यानं देलं."

गोपिकाच्या तोंडाचं पाणी पळालं. "कवा समजलं तुमाले?"

"पहिल्याच दिवशी. बूट घातले अन् सरळ टालावरच गेलो नं मी."

"मंग येवढे दिवस काहून चालून राहिले होते तुमी?"

देवराव खाली बघत होते. म्हणून गोपिकानंही खाली पाहिलं. पिल्लू पेटीतून केव्हाच बाहेर आलं होतं आणि तिच्या पदराचं टोक चावत होतं. बोलता बोलता ती स्वतः नकळत पायरीवर टेकली होती. पितळी वाटीत दूध ओतून झालं होतं आणि तिचा एक हात पिल्लाच्या कानामागे खाजवत होता.

"मी तं पहिल्याच दिवशी तयार होतो, पोरी," देवराव म्हणाले. "तुह्या मनाची तयारी व्हायची होती."