गेटच्या आतलं चेंबर

आठ दिवस झाले, आमची गडर लाइन तुंबली आहे. बाथरूममध्ये घाण पाणी उलटं येतं, शोभा अंघोळीला बहिणीकडे जाते आणि मी रोज महापालिकेच्या झोन ऑफिसच्या चकरा मारतो. आज शेवटी तिथला एक माणूस आला. पोर्चमधल्या गाडीखाली वाकून त्यानं चेंबरचं झाकण पाहिलं आणि हात झटकले.

"काका, गेटच्या आतलं चेंबर घरमालकाचं असते. आम्ही फक्त रस्त्यावरचं साफ करतो. तुम्ही प्रायव्हेट माणूस लावा."

माझं डोकंच फिरलं. "काहून लावू गा? टॅक्स भरून राहिलो ना मी! हे चेंबर तुमचंच आहे. थांब, कागदावर दाखवतो तुले."

शोभा मागून माझी बाही ओढत होती. "अहो, जाऊ द्या नं." मी कसला ऐकतो! कपाटातून घराचा मंजूर नकाशा काढला, गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि त्यावर बोट ठेवलं.

"हे पाय. हे आमचं वॉलकंपाउंड. अन् चेंबर कुठं आहे? वॉलकंपाउंडच्या चार फूट बाहेर, रस्त्यावर! आता बोल!"

त्यानं नकाशा पाहिला, मग आमचं गेट पाहिलं, मग पुन्हा नकाशा. मोबाइलवर दोन्हींचे फोटो काढले.



"बराबर आहे काका, चेंबर रस्त्यावरच आहे. उद्या गाडी काढून ठेवजा. चेंबर साफ करून देतो, अन् रस्त्यावर आलेल्या गेटासाठी जेसीबी पण आणतो."