गारवा

पुणतांब्याहून पेरूंची पिशवी घेऊन आलेल्या नानांना लेकीचं डेटा सेंटर एकदा आतून बघायचं होतं. तिथली वीज वाचवणं हेच ज्ञानेश्वरीचं काम. तिने मशिनींच्या खोलीचं दार हातभर उघडून पिशवी तेवढी आत घेतली.

"दार उघडं राहिलं की गारवा जातो, नाना. मग वीज जास्त लागते."

"माज्या एकट्यानं कितीक तापंल गं तुजं दुकान?" हसतहसत नाना एसटी गाठायला निघाले.

दुसऱ्या दिवशी पेरूच्या बागेतच त्यांना झटका आला आणि ते गेले.

दशक्रियेनंतर कामावर आलेल्या ज्ञानेश्वरीने तेच दार सताड उघडलं आणि धरून ठेवलं.

"मॅडम, दार लावा, गारवा चाललाय!" आतून कुणीतरी ओरडलं.

रिकाम्या व्हरांड्याकडे बघत ती म्हणाली, "नाना, या ना आत."