कायम गट

बाराच्या आत प्रत्येक प्रोसेस कुठल्या ना कुठल्या गटात गेलीच पाहिजे, असा साहेबांचा हुकूम होता. संगणकावर चालू असलेलं एकेक काम म्हणजे एकेक प्रोसेस. गट दोनच, 'कायम' आणि 'जुने'. बाराला 'जुने' एका आज्ञेत बंद करायचा. त्यात चुकून काही राहिलं तर गेलंच. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

ऑपरेटरबाई सकाळपासून यादीला भिडल्या होत्या. त्यांना हे काम शिकवणाऱ्या मास्तरांच्या प्रोग्रामपाशी त्यांचा हात अडला.

मास्तर वारून चौदा महिने झाले. त्यांचं खातं पुसलं, फायली पुसल्या, खुर्चीसुद्धा कुणीतरी ढापली. हा प्रोग्राम तेवढा मशीनच्या मेमरीत चालत राहिला. रोज साडेबाराला तो मास्तरांच्या बायकोच्या, काकूंच्या, फोनवर विचारायचा, 'गोळी घेतलीस का गं?' काकू लिहायच्या, 'घेतली.' एकदा थांबला, तर पुन्हा सुरू करायला त्याची प्रत कुठेच नव्हती.

"काकू, ते मशीन विचारतं हो," बाई एकदा चाचरत म्हणाल्या होत्या.

"मला काय वेड लागलंय? ठाऊक आहे मला. पण विचारतं ना कुणीतरी."

बाईंनी तो प्रोग्राम 'कायम' गटात टाकला. दोनदा तपासला. बाराला 'जुने' बंद केला आणि डबा उघडला.

पाऊण वाजता फोन आला.

"पोरी, आज काही आलं नाही गं."

बाईंनी यादी पुन्हा उघडली. पडद्यावर मास्तरांचा प्रोग्राम 'कायम' गटात जिवंत होता. पण तो फक्त उत्तरं घ्यायचा. विचारायचं काम त्यानेच सुरू केलेल्या, त्याच्या पोटच्या प्रोसेसकडे होतं. बापाला दुसऱ्या गटात हलवलं म्हणून आधी जन्मलेलं पोर आपोआप मागून येत नाही, त्याला वेगळं हलवावं लागतं. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी हे फळ्यावर रेघा मारून शिकवलं होतं. वर दरडावलंही होतं, "हे विसरलीस तर माझं नाव सांगू नकोस!"

पोर 'जुने'मध्येच राहिलं होतं. बारालाच गेलं.

तेवढे चार शब्द बाईंना दोन मिनिटांत लिहून पाठवता आले असते. त्यांनी लिहिलेही. मग पुसले. ते मास्तरांनी विचारलेलं झालं नसतं.

"काकू, माझ्या हातून चूक झाली हो. आता ते कधीच येणार नाही."

"असू दे," काकू म्हणाल्या. "रडू नकोस. जेवलीस का तू?"

बाईंना 'हो' म्हणवेना. फोन ठेवला, तरी उघडा डबा तसाच समोर होता.

थोड्या वेळाने पडद्यावर मास्तरांचा प्रोग्राम हलला. कुणीही काही विचारलं नव्हतं, तरी उत्तर आलं होतं.

'घेतली.'