तेवढं 'नाही' म्हणा

"मॅडम, तुम्ही नाही म्हणा," कप्तान म्हणाले.

इंजिनिअर बाई तेव्हा जहाजाच्या तळाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र, आणि केसांत गंज. त्यांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. हे म्हातारं जहाज पुन्हा समुद्रावर न्यावं म्हणून या माणसानं मंत्र्यांपासून वार्ताहरांपर्यंत सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. आणि तोच माणूस जुना गणवेश चढवून, धापा टाकत शिडी उतरून आला होता, तो हे सांगायला?

"नाही म्हणजे?"

"म्हणजे जहाज आता चालणार नाही असं सांगा. तळ सडलाय म्हणा. काहीही म्हणा." त्यांनी आवाज खाली आणला. "माझं सोडा हो. इंजिनखोलीतल्या चीफचं वय बघा. इंजिन सुरू झालं की तो माणूस घरी जायचा नाही. तिथेच आडवा होईल."

एवढं बोलून ते टोपी सावरत वर गेले.

एके काळी हे जहाज महासागर ओलांडून जायचं, यायचं. मग विमानं आली, प्रवासी गेले, आणि जहाज बंदराच्या कोपऱ्यात दोरखंडांनी बांधून पडलं. त्याच्यावर नोकरी केलेली माणसं दर रविवारी येत, पितळ घासत आणि भांडत. आता त्यांच्यातली तिघंच उरली होती. याआधी दोन तज्ज्ञ येऊन गेले होते. दोघांनीही पोटभर जेवून नकार दिला होता. या खेपेला जहाज दुरुस्त करून चालवायला एक कंपनी पुढे आली होती. फक्त इंजिनिअर बाईंनी हो म्हणायचा अवकाश होता. नाही म्हटलं, तर जहाज भंगारात जाणार होतं.

बाई इंजिनखोलीत गेल्या. तिथे चीफ, म्हणजे जहाजाचे जुने मुख्य इंजिनिअर, त्यांची वाटच बघत होते. अर्धं आयुष्य यंत्रांच्या गोंगाटात काढल्यामुळे ते ठार बहिरे झाले होते आणि कुजबुजणं म्हणजे काय, हे विसरले होते.

"एक गुपित सांगतो!" ते ओरडले. आवाज घुमत घुमत वरच्या मजल्यांवर गेला. "कुणाला कळता कामा नये! तुम्ही नाही म्हणा!"

"अहो, हळू..."

"कप्तानसाहेबांना दिसत नाही आता! परवा धक्क्यावरच्या क्रेनला सलाम ठोकला! त्यांच्या हाती सुकाणू दिलंत तर जहाज थेट बाजारात घुसेल!"

बाई वर आल्या तेव्हा कप्तान कठड्याला टेकून उभे होते. खालचा शब्दन् शब्द त्यांनी ऐकला असणार, कारण ते फार मन लावून एका पक्ष्याकडे बघत होते. तो पक्षी म्हणजे लांबच्या होडीचं शीड होतं.

जेवणघरात चीफच्या बायकोनं चहा आणला. त्या एके काळी याच जहाजावर प्रवाशांची देखभाल करायच्या. कप ठेवून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"तुम्हीपण?" बाईंनी विचारलं.

"यांना झेपायचं नाही हो," त्या म्हणाल्या. "दोघांनाही." आणि साखर घालायची विसरून निघून गेल्या.

बाई बिनसाखरेचा चहा पीत बसल्या. खरं तर त्या नकार द्यायच्या तयारीनंच आल्या होत्या. पण तळाची जाडी मोजताना त्यांना आपलं यंत्र बिघडल्याची शंका आली होती. त्यांनी दुसरं यंत्र मागवलं, तर तेही तेच सांगू लागलं. जुन्या कारागिरांनी इतक्या सढळ हातानं पोलाद घातलं होतं, की गंजाला अजून बरंच काम बाकी होतं. आता तीन म्हाताऱ्या जिवांचं मन राखायचं तर एक खोटं बोलणं पुरेसं होतं. धडधाकट जहाजाला सडकं म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिघांना समोर बसवलं.

"जुनी इंजिनं काढावी लागतील. वायरी सगळ्या बदलायच्या. महासागर विसरा, किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, तेही हवा चांगली असेल तेव्हा." त्यांनी वही मिटली. "पण जहाज चालेल."

"काय म्हणाल्या?" चीफनी विचारलं.

"हो म्हणाल्या!" बायको त्यांच्या कानात ओरडली.

"नाही?"

"हो! अहो, हो!"

चीफ उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. त्यांच्या बायकोनं तोंडापुढे चहाचा ट्रे धरला. कप्तान मात्र उठून बाहेर निघून गेले. टोपीही त्यांनी उलटी घातली होती.

बाई मागोमाग धावल्या. कप्तान समुद्राकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आतून चीफचा आवाज येत होता, "इंजिनं काढणार? मला न विचारता? कोण काढतो बघतोच मी!"

"माफ करा," बाई म्हणाल्या. "तुम्ही इतकं विनवलं होतंत. पण खोटं सांगणं मला जमलं नाही."

कप्तान वळले. गालांवर पाणी होतं आणि तोंडभर हसू.

"अहो मॅडम, मला वाटलं, तिसऱ्यांदाही 'नाही'च ऐकावं लागणार, तर या वेळी निदान ते मीच मागितलं म्हणून मिळावं, एवढंच होतं हो माझं."