तानूबाईला बरं वाटतंय

गावच्या फळ्यावर नाव यायचं तर माणसानं एकतर तुमच्यासारखं पुढारी व्हावं, नाहीतर मरावं. हा कायदा तुमचाच. तुमचा वाढदिवस त्या फळ्यावर, तुमचं हार्दिक अभिनंदन त्या फळ्यावर. बाकीच्यांनी तिरडीवर चढल्यावर यायचं. मग सकाळी तिथं तानूबाईचं नाव दिसलं आणि ती गेली असं लोकांनी धरलं, तर चूक कुणाची?

तानूबाई गेली नव्हती. भिगवणच्या अलीकडच्या त्या वाडीत, एसटीच्या थांब्यामागच्या आपल्या घरात ती चिलापी मासे साफ करत बसली होती. तापातून उठून आज पहिल्यांदा तिनं विळी पुढं ओढली होती. इतके दिवस पडून होती, पण कुणी दारात डोकावलं नाही. मासळीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दारी वळलं, एवढंच. म्हणून सकाळी थांब्यावरचा फळा लिहायला आलेल्या बुद्धघोषला तिनं हाक मारली होती.

"माझं बी लिही की रं."

"तुझं काय लिहू, आज्जे?"

"लिही, तानूबाईला बरं वाटतंय."

"ही काय बातमी झाली व्हय? कोण वाचणार?"

"तू लिही. वाचायचं का न्हाय ते लोकांचं लोक बघतील."

बुद्धघोष हसला, पण त्यानं लिहिलं. लोणी देवकरला कामावर जायची घाई, त्यामुळं हात सवयीनं चालला. नाव वर, मोठ्या ठसठशीत अक्षरांत, धावत्या एसटीतून दिसेल असं. बाकीचं खाली बारीक. भोवती चौकट. मयताची बातमी आपण अशीच लिहितो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बारामतीच्या एसटीत वाडीतलाच महिपती खिडकीला बसला होता. त्यानं नाव वाचलं, चौकट पाहिली आणि हात जोडले. खालची ओळ वाचायच्या आत गाडी पुढं गेली. बारामतीत उतरला तो थेट मंडईत गेला आणि भाजी विकणाऱ्या कुशाला म्हणाला, "पोरी, तुझी आय गेली गं."

दुपारी तानूबाईच्या दारात हंबरडा फुटला.

तानूबाईच्या हातातला मासा खाली पडला. दारात तिची लेक कुशा उभी. केस सुटलेले, काखेत कागदात बांधलेलं पुडकं.

"कोण गेलं गं?" तानूबाईनं घाबरून विचारलं.

कुशा खाली बसली आणि आईचे दोन्ही हात तिनं घट्ट धरले, खवल्यांसकट.

"तूच गेलीस की!"

"मी कुठं जाती? कालवण टाकायचंय अजून."

मग कुशा चिडली. "असली कसली गं चेष्टा? महिपतीनं फळ्यावर तुझं नाव बघितलं, समदी मंडई रडली माझ्यासंगं!"

"रडली? कोण कोण?"

"समदीच. ती वांगीवाली सरुबाई तर म्हणली, तानूबाईच्या हातचं कालवण आता कुठं मिळायचं न्हाय."

"असं म्हणली?" तानूबाई सरकून जवळ आली. "आणिक काय म्हणली?"

कुशा सांगत गेली. सांगता सांगता तिला हसू फुटलं आणि हसता हसता पुन्हा रडू. मागच्या दिवाळीलाही ती माहेरी आली नव्हती. तो विषय दोघींनीही काढला नाही.

तानूबाईची नजर पुडक्यावर गेली. "ह्यात काय हाय?"

कुशानं मान खाली घातली. "लुगडं. तुझ्या अंगावर घालायला आणलं हुतं."

तानूबाईनं कागद सोडला. पोत चाचपला. "चांगलं हाय की. मग घाल. आत्ता हातपाय हलत्यात तवर नेसवायला बी सोपं."

कुशानं आईला लुगडं नेसवलं. हाडं हाताला लागली तशी ती निऱ्या उगाच पुन्हा पुन्हा नीट करत राहिली.

आणि मग तुम्ही आलात. हार घेऊन, दोन शब्द बोलायच्या तयारीनं. बाई जिवंत आहे म्हटल्यावर हार जीपमध्ये टाकलात, कुणाकडून तरी ओलं फडकं मागितलंत आणि फळ्यापुढं उभं राहून ओरडलात, "कुणाला विचारून लिहिलं हे? जित्या माणसाचं नाव हितं लिहायचं न्हाय! उद्या जो तो उठून म्हणंल, मला बरं वाटतंय, लिहा!"

लोक जमले.

तानूबाई नव्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन घरातून निघाली. कुशानं तिचा दंड धरला होता. माणसं आपोआप बाजूला झाली.

"पुसा की," ती म्हणाली. "फळा तुमचा हाय, पुसा. पर ते नाव बघून माझी लेक घरी आली. पुसल्यावर ती परत कशी यायची, तेवढं आधी सांगा."

फडक्यातलं पाणी तुमच्या पायताणावर गळत होतं.

"सांगा की," तानूबाई म्हणाली. "समदी उभी हायती ऐकायला."