लागण

"उठा आजी. चालून दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सारजानं डोळे उघडलेच नाहीत. आधी हातानं चाचपलं. मांडी होती. गुडघा होता. त्याखाली घट्ट पट्टी हाताला लागली.

"पाय हायच की वं," ती पुटपुटली.

"मग जाणार कुठे?"

पाय कापणार असंच ती धरून चालली होती. मागच्या खेपेला बारामतीला आणलं, तेव्हा याच बाईंनी पायाला काहीतरी गार चोपडून मशीन फिरवलं होतं. "खराब शीर बंद करावी लागेल," म्हणाल्या होत्या. शीर बंद म्हणजे पाय गेला, एवढंच सारजाला कळलं. आज गावातून, कऱ्हाटीतून निघताना तिनं कोंबड्या शेजारणीच्या हवाली केल्या होत्या.

आणि झालं काय, तर सुया टोचून पाय बधिर केला, शिरेत एक बारीकशी तार सरकवली आणि लेझरनं शीर आतल्या आत बंद केली. टाकासुद्धा नाही. सारजा भिंतीला धरून उभी राहिली. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. तिला हसू फुटलं.

"बिरू, बघ रं! चालतीया मी."

बिरू, तिचा लेक, दारात उभा होता. बारामतीला दाखवायचं त्यानंच काढलं होतं. 'लेकानं मनावर घेतलं,' हे सारजा भेटेल त्याला सांगत होती.

"घोट्याजवळची जखमही आता भरत येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पट्टी बदलावी लागेल. घरी कोण बदलेल?"

"मीच की. दुसरं कुणी हात लावत न्हाय. मी ऱ्हातेबी येगळी."

"का?"

"रोग लागतो न्हवं?"

सारजानं सगळं सहज सांगितलं. पाय काळा पडून जखम वाहू लागली, तेव्हा सून नुकतीच बाळंत झाली होती. गावात कुणीतरी महारोग म्हणालं. बिरूनं घरामागं पत्र्याची खोली घातली. आईचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. नात स्वराली आता शाळेत जात होती, पण आजीनं तिला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. पोरगी धावत आली की सारजाच ओरडायची, "लांब हो!"

डॉक्टरबाई हातातलं काम टाकून तिच्यासमोर बसल्या.

"आजी, हा लागणारा रोग नाही. शिरेतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर चढत नाही, पायात साचतं. त्यानंच कातडी काळी पडते, जखम चिघळते. शिवल्यानं कुणाला काही होत नाही."

सारजा टेबलाच्या कडेवर टेकली.

"म्हंजे पोरीला घेतलं असतं तर?"

"काही झालं नसतं. फार तर हा घराण्यातून येतो. आईला असला तर मुलांनाही होऊ शकतो."

बिरू खाली वाकला. पॅन्टचा पाय त्यानं गुडघ्यापर्यंत वर ओढला. पोटरीवर हिरव्यानिळ्या शिरा सुंभासारख्या पिळवटून फुगल्या होत्या. घोट्याजवळ कातडी काळपट पडली होती.

सारजानं वाकून त्या शिरा जवळून पाहिल्या.

"कदीपासनं?" तिनं विचारलं.

"दिवाळीपासनं. घरात कुणाला बोललो न्हाय." बिरूनं पॅन्ट खाली ओढली. "म्हणलं, आधी तुज्या पायाचं काय करत्यात ते बघावं. मंग माजा दावावा."

लेकानं मनावर घेतलं होतं, ते ह्यासाठी.

डॉक्टरबाईंनी त्याचा पाय दाबून पाहिला. "वेळेवर आलात. हाही बरा होईल," त्या म्हणाल्या. सारजाला ते ऐकूच आलं नाही. ती लेकाकडं बघत होती.

"बिरू, दिवाळीपासनं स्वराली कुठं झोपती रं?"

बिरूनं मान वर केली नाही.

"माज्याच कुशीत, आये."